रंग पानांचा : क्रोटन
(द्वितीय वर्ष, कला)

बाग म्हटली की आपल्या मनात प्रथम येतात ती फुले. गुलाब, मोगरा, शेवंती यांचे कौतुक कुणाला नाही? परंतु फुलांचा बहर हा चार दिवसांचा पाहुणा. वर्षाचे बाराही महिने अंगणात रंग हवा असेल, तर ज्याची पानेच रंगीत आहेत असे सदाहरित झुडूप लावावे. आपल्याकडे अशा झुडपांत पहिला मान क्रोटनचा.

‘सदाहरित’ या शब्दामुळे एक गैरसमज होतो. अशा झाडाचे पान कधी गळतच नाही असे नव्हे. ते गळते, पण सगळी पाने एकाच ऋतूत गळत नाहीत, म्हणून झाड कधी उघडे पडत नाही. क्रोटनची गंमत अशी की, त्याचे एकच पान वयानुसार रंग बदलते. शेंड्याची कोवळी पाने पुष्कळदा हिरवी-पिवळी असतात, तर खालची जून पाने केशरी, तांबडी किंवा जांभळट होतात. त्यामुळे एकाच फांदीवर तीन-चार रंग नांदताना दिसतात.

मलेशिया-इंडोनेशियापासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंतचा दमट प्रदेश हे या झुडपाचे माहेर. १७५३ मध्ये लिनियसने त्याला ‘क्रोटन’ या प्रजातीत घातले. पुढे १८२४ मध्ये ते तेथून काढून ‘कोडिएअम’ या निराळ्या प्रजातीत ठेवण्यात आले. शास्त्रज्ञांनी नाव बदलले, पण माळ्यांच्या तोंडी क्रोटन राहिले ते राहिलेच! खऱ्या क्रोटन प्रजातीतले आपल्या ओळखीचे झाड म्हणजे जमालगोटा. ग्रीक भाषेत ‘क्रोटन’ म्हणजे गोचीड. बी गोचिडासारखे दिसते म्हणून हे नाव. दोन्ही झाडे एरंडाच्याच कुळातली.

आता मुख्य प्रश्न. “रोपवाटिकेत पान कसे लालभडक होते, घरी आणले आणि हिरवे पडले,” ही तक्रार नेहमी ऐकू येते. दोष रोपाचा नसतो, जागेचा असतो. पानातील हिरवा रंग हरितद्रव्याचा, पिवळा-केशरी कॅरोटिनवर्गीय द्रव्यांचा आणि तांबडा-जांभळा अँथोसायनिनचा. उजेड कमी पडला की मिळेल तेवढा प्रकाश टिपण्यासाठी पानाला हरितद्रव्यावर भर द्यावा लागतो, आणि त्याखाली इतर रंग झाकले जातात. भरपूर उजेडात तांबडे द्रव्य वाढते. ते प्रखर प्रकाशापासून पानाचे रक्षण करते, असे अभ्यासक मानतात. थोडक्यात, क्रोटनला रंग चढतो तो उन्हाने. व्हरांड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कितीही खत घातले तरी तो रंग यायचा नाही.

मात्र उन्हालाही मर्यादा आहे. कोकणच्या दमट हवेत हे झुडूप सहज वाढते. देशावर वैशाखातले कोरडे वारे सुटले की पानांच्या कडा करपतात. तेथे सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी थोडा आडोसा होईल अशी जागा निवडावी. बुंध्याशी पालापाचोळा पसरला म्हणजे ओल टिकते. या दिवसांत पानांच्या मागे कोळ्यासारखी बारीक कीड जाळी करते व पाने निस्तेज होतात. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास ती आटोक्यात येते.

बियांपासून आईसारखेच रोप मिळेल याची खात्री नसते, म्हणून अभिवृद्धी फांदीपासून करतात. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीचा, वीतभर लांबीचा शेंडा डोळ्याच्या किंचित खाली कापावा. चीक वाहायचा थांबला की खालची पाने काढून तो वाळू व शेणखत मिसळलेल्या मातीत खोचावा आणि सावलीत ठेवावा. मुळे धरून नवी पाने फुटली की हळूहळू उन्हात आणावा. फांदी जाड असेल तर गुटी कलम अधिक खात्रीचे. बोटाच्या पेराएवढी साल गोल काढून तेथे ओले शेवाळ गुंडाळावे व वर प्लास्टिक घट्ट बांधावे. महिना-दीड महिन्यात मुळे दिसू लागली की खालून कापून लावावे. चीक त्वचेला झोंबतो आणि कपड्यावर पडलेला त्याचा डाग जाता जात नाही, तेव्हा काम जुन्या कपड्यांत करावे. पाने लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत.

बाग ही बंगलेवाल्यांची चैन, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. क्रोटनपुरता तरी तो खरा नाही. तळाला भोके पाडलेला तेलाचा जुना डबा, चार ओंजळी माती आणि अर्धा दिवस ऊन येणारी पायरी एवढ्यावर त्याचे भागते. रोपही विकत घ्यायला नको. पावसाळ्यात कुंपणाची छाटणी होते, तेव्हा कापलेल्या फांद्या कचऱ्याच्या ढिगावर जातात. त्याआधी माळीकाकांकडे एक फांदी मागावी. ते नाही म्हणणार नाहीत.