सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधी : प्रशिक्षण आणि मान्यता

कामगारांचे आरोग्य व बळ यांचा दुरुपयोग होऊ नये, असे धोरण राबविण्याचा निदेश भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद 39 (ङ) राज्यसंस्थेला देतो. अनुच्छेद 42 मध्ये कामाच्या न्याय्य व मानवी परिस्थितीची तरतूद आहे. तर 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेला अनुच्छेद 43-क उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग अपेक्षितो. कार्यस्थळावरील सुरक्षा समितीत या तत्त्वांचा संगम होतो. तथापि, समितीत जागा मिळाली म्हणजे सहभाग साध्य झाला, असे नाही. धोका ओळखण्याचे ज्ञान आणि तो थांबविण्याचा अधिकार यांची जोड त्या जागेला मिळावी लागते.

भोपाळनंतरची तरतूद

डिसेंबर 1984 मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियम, 1948 मध्ये व्यापक दुरुस्ती झाली. कलम 41-छ नुसार धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींची सुरक्षा समिती बंधनकारक झाली. कलम 41-ज ने निकट धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांना दिला. कलम 111-क अन्वये मुख्य निरीक्षकाने मान्य केलेल्या संस्थेत सुरक्षा प्रशिक्षणासाठी पाठविले जाण्याचा हक्कही मिळाला. मात्र समितीचा सदस्य होण्यासाठी कोणतेही प्रमाणपत्र अधिनियमाने आवश्यक केले नव्हते. प्रशिक्षण हा हक्क होता, पूर्वअट नव्हती.

खाणींचा अनुभव

खाण नियम, 1955 मध्ये 1980 च्या दशकात झालेली सुधारणा एक पाऊल पुढे होती. 500 किंवा अधिक व्यक्ती काम करीत असलेल्या खाणीत नोंदणीकृत कामगार संघटनेशी विचारविनिमय करून तीन ‘वर्कमेन्स इन्स्पेक्टर’ नेमण्याची तरतूद झाली : खाणकाम, विद्युत व यांत्रिक व्यवस्था यांसाठी प्रत्येकी एक. त्यांच्यासाठी योग्य पात्रता आवश्यक होती. खाणीची पाहणी करून निरीक्षणे नोंदवहीत लिहिणे, हे त्यांचे काम. येथे पात्रता आणि अधिकार एकमेकांशी जोडलेले दिसतात.

मान्यतेचे अर्थशास्त्र

अपघाताचा मोठा भार कामगाराच्या कुटुंबावर आणि सार्वजनिक विमा व आरोग्य व्यवस्थेवर पडतो. मालकाच्या हिशेबात तो पूर्णपणे येत नाही. याउलट प्रशिक्षणाचा खर्च मालकाच्या हिशेबात लगेच दिसतो आणि प्रशिक्षित कामगार दुसरीकडे गेला, तर लाभही दुसऱ्यास मिळतो. म्हणूनच केवळ बाजारावर विसंबल्यास असे प्रशिक्षण अपुरे राहते. अधिकृत मान्यतेमुळे प्रशिक्षणाचा किमान दर्जा निश्चित होतो आणि ते प्रमाणपत्र सर्वत्र ग्राह्य ठरू शकते.

ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या 2011 च्या आदर्श कायद्यात निवडून आलेल्या सुरक्षा प्रतिनिधीस नियामकाने मान्य केलेल्या पाच दिवसांच्या अभ्यासक्रमाचा हक्क आहे. शुल्क मालक भरतो आणि त्या काळातील वेतन चालू राहते. विहित प्रशिक्षण घेतल्यानंतरच प्रतिनिधी सुधारणेची तात्पुरती नोटीस देऊ शकतो किंवा असुरक्षित काम थांबविण्याचा निर्देश देऊ शकतो.

संहिता आणि पुढील वाट

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून तिने कारखाने व खाण अधिनियमांसह 13 कायद्यांची जागा घेतली आहे. कलम 22 मध्ये सुरक्षा समितीची तरतूद असून कामगार प्रतिनिधींची संख्या मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नये. कलम 14 नुसार कर्मचारी गंभीर धोक्याची बाब समितीच्या सदस्यामार्फतही मांडू शकतो. साहजिकच या सदस्याची जाण महत्त्वाची ठरते.

प्रशिक्षणासाठी पायाभूत यंत्रणा देशात आहे. मुंबईतील केंद्रीय श्रम संस्था, प्रादेशिक श्रम संस्था, 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि 1958 पासून कार्यरत असलेले कामगार शिक्षण मंडळ यांच्या सहकार्याने प्रादेशिक भाषांतील समान अभ्यासक्रम तयार होऊ शकतो.

खरा प्रश्न लहान आस्थापनांचा आहे. शासनाने समितीसाठी सांगितलेली 500 कामगारांची मर्यादा बहुसंख्य श्रमिकांना बाहेर ठेवते. स्वीडनमध्ये कामगार संघटनांनी नेमलेले प्रादेशिक सुरक्षा प्रतिनिधी अशा लहान कार्यस्थळांना भेटी देतात. आपल्या औद्योगिक वसाहतींतही मान्यताप्राप्त प्रतिनिधींचा असा सामायिक गट उभारता येईल. तसे झाले तरच घटनेतील सहभागाचे तत्त्व लहान कारखान्यातील यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगारापर्यंत पोहोचेल.