वर्गाबाहेरचे विद्यापीठ

मे महिन्याच्या संध्याकाळी आपण नाशिककर गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर व्याख्यान ऐकावयास जमतो, त्या सुमारास गावातील अनेक घरांत एकच विषय चाललेला असतो. बारावीचा निकाल लागलेला असतो किंवा लागावयाचा असतो. मुलाला कोणत्या शाखेत घालावे, कोणते कॉलेज बरे, कोणत्या पदवीला पुढे नोकरी आहे, यावर घरोघर खल होतो. हा खल योग्यच आहे. पण त्यात एक प्रश्न सहसा निघत नाही. हा मुलगा तेथे राहणार कोठे, जेवणार काय, फी भरणार कशी, आणि वर्ग सुटल्यावरचे उरलेले तास कोणाच्या संगतीत घालविणार? आमचे म्हणणे असे आहे की, मुलगा पदवीपर्यंत पोहोचणार की नाही, हे पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नावरच ठरते.

आमच्या ओळखीचा एक विद्यार्थी होता. पेठच्या बाजूचा, बारावीला उत्तम गुण मिळवून शहरात आला. जून ते दिवाळी एवढेच त्याचे कॉलेज झाले. दिवाळीला गावी गेला तो परत आला नाही. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, खोलीचे भाडे थकले होते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा राहून गेला होता. अर्जाची सूचना कॉलेजच्या फलकावर लागली होती, हे खरे. मुलाने ती पाहिलीही होती. ‘‘ते आपल्यासाठी असेल असं वाटलं नाही,’’ असे तो म्हणाला. त्या कॉलेजात त्याला कोणी हाकलले नाही, कोणी नापास केले नाही. एक कागद भिंतीवर होता आणि एक मुलगा त्याच्यासमोर उभा होता, दोघांची गाठ पडली नाही एवढेच. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या न पडलेल्या गाठीविषयी.

विद्यापीठ म्हणजे वर्ग आणि परीक्षा, ही आपली कल्पना मुळात जुन्या व्यवस्थेतून आली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची, एवढे त्याचे आरंभीचे काम. विद्यार्थी काय खातो, कोठे झोपतो, याची पंचाईत त्याने करावी अशी अपेक्षाच नव्हती. पण जगात सर्वत्र असे नव्हते. पॅरिसच्या सोरबॉनचे नाव आपण आदराने घेतो. त्याचा आरंभ कशात आहे? १२५७ च्या सुमारास रोबेर द सोरबों नावाच्या धर्मगुरूने गरीब विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय केली, त्या वसतिगृहात! म्हणजे आधी निवारा, मग विद्यापीठ.

आपल्याकडे हे काम गाव करीत असे. नाशिक हे वेदविद्येचे क्षेत्र. येथे विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांचे अन्न खाऊन मुले शिकली. या चालीत माया होती हे कोणी नाकारणार नाही. परंतु वाराचे पान कोणत्या मुलापुढे मांडले जाई आणि कोणत्या मुलास उंबऱ्याबाहेर राहावे लागे, हेही विसरून चालणार नाही. दया होती, पण ती जातीचा उंबरा ओलांडीत नव्हती.

तो उंबरा ओलांडला वसतिगृहांनी. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहतील असे केले. आपल्या नाशकात १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम सुरू झाले आणि खेड्यांतल्या शेतकऱ्यांची मुले उदाजी मराठा वसतिगृहात राहून शिकू लागली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले, त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र दिला. हात पसरून शिकणे आणि हात चालवून शिकणे यांत केवढे अंतर आहे, हे महाराष्ट्राला त्यांनी दाखविले. एका विद्यार्थ्याला वेळेवर मदत मिळाली तर काय होते, याचे उदाहरण शोधावयास लांब जावयास नको. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, आणि भीमराव आंबेडकर नावाचा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

स्वातंत्र्यानंतर ही सारी कामे हळूहळू नियमांत आली. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९२४ पासून येथे चाललेले आपले हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय मुंबईऐवजी पुण्याशी जोडले गेले. १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ, अशी दोन राज्यव्यापी विद्यापीठे नाशकातच आली. आज विद्यार्थ्यासाठी ज्या सोयी आहेत, त्या कोणाच्या मेहेरबानीवर नाहीत. त्या त्याच्या हक्काच्या आहेत. त्यांचे ढोबळ चार भाग पडतात.

पहिला भाग पैशाचा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेली आणि ई.बी.सी. या तीन अक्षरांनी घराघरांत ठाऊक असलेली फीची सवलत आहे. तीच आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. यांचे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संगणकीय व्यवस्थेतून होतात आणि शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. येथे मेख अशी की, अर्जाला तहसील कचेरीचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला असे कागद लागतात, आणि ते काढावयास दिवस लागतात. फलकावर सूचना वाचून मग धावपळ करणारा मुलगा मागे पडतो. मे महिन्यातच दाखले काढून ठेवणारा तरतो. शिवाय शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे काम झाले असे नाही. दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते.

दुसरा भाग निवाऱ्याचा. सरकारी वसतिगृहांत जागा थोड्या आणि मुले फार. पण जागा मिळाली नाही म्हणजे वाट खुंटली असे पुष्कळजण समजतात, ते चूक आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. त्यांतून राहण्याजेवण्याचा खर्च थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. तेथून हाकेच्या अंतरावर भाड्याच्या खोलीत राहून त्याच खात्याची योजना ठाऊक नसलेला सुरगाण्याचा किंवा कळवणचा मुलगा आढळावा, याहून चमत्कारिक गोष्ट कोणती?

तिसरा भाग कामाचा. पुणे विद्यापीठात, म्हणजे २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात, कर्मवीरांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालते. ग्रंथालयात पुस्तके लावणे, कार्यालयात नोंदी करणे, प्रयोगशाळेत मांडामांड करणे, बागेला पाणी देणे, असे दिवसाचे काही तास काम आणि तासावर मोबदला. कित्येक मुले लाजेपोटी या योजनेत नाव घालीत नाहीत. बरोबरीची मुले पाहतील, गावी कळेल, असे त्यांना वाटते. ही लाज त्यांनी कोठून आणली? आपल्याकडूनच! श्रमाला कमी लेखण्याची खोड आपल्या घरांतून जाईल तेव्हा ती मुलांच्या मनातून जाईल.

चौथा भाग कार्यक्रमांचा. वडीलधाऱ्यांना हा भाग चैनीचा वाटतो. वक्तृत्व, नाटक, गाणे, शिबिरे यांत पोरे वेळ दवडतात, अशी तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकतो. वास्तविक पाहता घरी ज्याला कोणी चार वाक्ये बोलावयास शिकविले नाही, त्याला बोलावयास शिकविणारी जागा हीच. १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडकाची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा होते. मराठी रंगभूमीला किती तरी नट आणि लेखक तिने दिले. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात वर्षाला १२० तासांचे काम आणि गावात राहून सात दिवसांचे शिबिर असते. शहरातला मुलगा प्रथमच विहिरीवर रांगेत उभा राहतो तो या शिबिरात, आणि खेड्यातल्या मुलाला आपल्यास जे येते त्यालाही किंमत आहे हे प्रथम कळते तेही येथेच. आमच्या गावच्या विष्णु वामन शिरवाडकरांनी, म्हणजे कुसुमाग्रजांनी, हंसराज प्रागजी महाविद्यालयात शिकत असता काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात भाग घेतला. ते शिक्षण कोणत्या अभ्यासक्रमात लिहिलेले होते?

तात्पर्य, सोयी नाहीत असे नाही. त्या अपुऱ्या आहेत, पैसे कधी उशिरा येतात, हे खरे. पण त्यांच्यावाचून अडणारा मुलगा आणि त्या सोयी यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि ती भिंत अज्ञानाची व संकोचाची आहे. ज्याच्या घरी आधी कोणी शिकले आहे, त्याला फलक वाचावयाची गरजच पडत नाही. काका, मामा, शेजारचा दादा त्याला सांगतो. ज्याच्या घरातून पहिलाच मुलगा कॉलेजात आला आहे, त्याच्यासाठी फलक आहे. आणि फलकाची भाषा कळत नाही ती नेमकी त्यालाच. ‘इच्छुक विद्यार्थ्यांनी विहित मुदतीत आवश्यक त्या कागदपत्रांसह अर्ज सादर करावेत’ या वाक्यात त्याला कोठेही आपले नाव दिसत नाही.

पूर्वी गावाने वार दिला. आज कोणी वार मागत नाही, मागूही नये. पण गावाचे काम संपलेले नाही. त्याचे रूप बदलले आहे. विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ डॉ. जयकरांच्या नावाची व्याख्यानमाला घेऊन गावोगाव येते. विद्यापीठ आपली वेस ओलांडून नागरिकांपर्यंत येते. मग नागरिकांनी चार पावले त्याच्याकडे टाकावयास काय हरकत आहे? निवृत्त शिक्षक, बँकेतले, कचेरीतले लोक या पटांगणावर शेकड्यांनी बसतात. अर्ज भरण्यात ज्यांचा जन्म गेला, अशी ही मंडळी! प्रत्येकाने जून महिन्यात एकच विद्यार्थी आपला म्हणावा. तो आपल्या खोलीचा भाडेकरू असेल, मोलकरणीची मुलगी असेल, दूध घालणाऱ्याचा भाऊ असेल. त्याला तीन प्रश्न विचारावेत: दाखले काढलेस का? अर्ज भरलास का? कॉलेजात कशात नाव घातलेस? उत्तर ‘नाही’ आले तर त्याच्याबरोबर एकदा कॉलेजच्या कार्यालयापर्यंत जावे.

एवढ्याने सगळे प्रश्न सुटतील असे आम्ही म्हणत नाही. परंतु दिवाळीला गावी गेलेला एक मुलगा सुटी संपताच पुन्हा नाशिकच्या एस. टी. त बसेल. व्याख्यानमाला मेअखेर संपते आणि कॉलेजे जूनमध्ये उघडतात. मध्ये दिवस थोडे आहेत.