राजाश्रय संपल्यानंतर

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा मुंबईत एका जाहिरात-संस्थेत चित्रकार आहे. पगार बरा आहे, वरिष्ठ खूष आहेत, पुढे बढतीचीही शक्यता आहे. असे असताना गेल्या पावसाळ्यात त्याने घरी जाहीर केले की, ही नोकरी सोडून आपण स्वतःच्या नावाने कामे घेणार; पुस्तकांची मुखपृष्ठे, मुलांसाठी चित्रे, कोणी बोलावले तर भिंतींवरची चित्रेसुद्धा. बहिणीने मला फोन केला. "दादा, तो तुझं ऐकतो. त्याला चार शब्द सांग." मी वीस वर्षे सरकारी नोकरी केलेला माणूस, असे चार शब्द माझ्या तोंडी तयारच असतात. पण नेमके त्याच सुमारास कचेरीच्या कामानिमित्त मला कुंभकोणमला जावे लागले, आणि तेथून परतल्यावर ते चार शब्द मला उच्चारता येईनात. असे का झाले, ते सांगण्याचा आज विचार आहे.

कुंभकोणम हे गाव तमिळनाडूत, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. बारा वर्षांनी तेथे महामहम् हा मोठा पर्वकाळ येतो. मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरची गादी मिळवली, तेव्हापासून भोसल्यांचे घराणे तेथे जवळजवळ १८० वर्षे नांदले. त्यांच्याबरोबर गेलेली मराठी कुटुंबे आजही कुंभकोणमात आहेत. शेजारी त्यांना 'रायर' म्हणतात. अशाच एका वृद्ध, निवृत्त शिक्षकांकडे माझा उठण्याबसण्याचा योग आला. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द वाटेल तेथे डोकावतात आणि मधूनच एखादा असा जुना मराठी शब्द येतो, की तो आपल्याकडे आता पोथीतच सापडावा.

त्यांनी मला १८५५ या सालाची आठवण करून दिली. मुलखाचा कारभार १७९९ मध्येच कंपनी सरकारने घेतला होता. राजाकडे तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग उरला होता. तरीही दरबार होता, आणि दरबाराच्या आधारावर गवई, नर्तक, कीर्तनकार, चितारी यांचे संसार चालत होते. १८५५ साली शिवाजीराजे पुत्रावाचून निधन पावले आणि कंपनीने तो दरबारही संपवला. पिढ्यान्‌पिढ्या वेतनावर जगलेल्या कलावंतांना एकाएकी कोणी धनी राहिला नाही. ज्याला आज आपण 'फ्रीलान्सर' म्हणतो, तशी अवस्था त्यांच्या वाट्याला आपखुशीने नव्हे, तर सक्तीने आली. माझ्या भाच्याला जे हवे होते, ते त्यांच्या गळ्यात पडले. मग ते जगले कसे?

कोणी त्रावणकोरला, कोणी म्हैसूरला, कोणी मद्रासला गेले. तंजावरच्या चिताऱ्यांना चेट्टियार व्यापाऱ्यांच्या रूपाने नवे गिऱ्हाईक मिळाले. पण मला अधिक रस वाटला तो कीर्तनकारांच्या हकीगतीत, कारण तिच्यात आपलाही वाटा आहे. राज्य बुडाल्यानंतरच्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे कीर्तनकार महाराष्ट्रातून तंजावरला आले. त्यांची कीर्तने ऐकणाऱ्यांत कृष्ण भागवतर नावाचा एक तरुण होता. त्याने मराठी कीर्तनाची घडण आत्मसात केली. साकी, दिंडी, ओवी, अभंग यांच्या चाली उचलल्या. त्यांना कर्नाटक संगीताची जोड दिली आणि तमिळ श्रोत्यांपुढे कथा उभी केली. आज तमिळनाडूत जिला हरिकथा म्हणतात, तिचा पाया त्यांनीच घातला असे मानतात. १९०३ साली ते वारले, तोवर त्यांचे नाव सर्वत्र झाले होते. कोणा राजाचे वेतन त्यांना नव्हते. देवळातला उत्सव, कोणाच्या घरचे लग्न, जेथे बोलावणे तेथे कथा आणि कथेमागे बिदागी. एका धन्याची जागा शंभर यजमानांनी घेतली. हे ऐकायला सोपे वाटते. परंतु त्या शंभरांना रुचेल असे काही नवे त्यांच्यापाशी होते, आणि ते नवे त्यांनी परक्या भाषेच्या कीर्तनकारासमोर शिष्यासारखे बसून मिळवले होते, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते शिक्षक मला स्वामीमलैला घेऊन गेले. कुंभकोणमपासून हे गाव सात-आठ किलोमीटरांवर, कावेरीच्या काठी आहे. मुरुगन म्हणजे कार्तिकेय, त्याच्या सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक. पण गावाचे नाव परदेशांपर्यंत पोचले आहे ते तेथील पंचरसी मूर्तींमुळे. मूर्ती घडवणाऱ्यांना स्थपति म्हणतात. दारासुरमचे ऐरावतेश्वराचे मंदिर बाराव्या शतकात उभे राहिले, तेव्हा आपले पूर्वज त्या कामावर होते, आणि कावेरीची माती ओतकामाला उत्तम म्हणून ते येथे राहिले, असे ते सांगतात.

आम्ही गेलो त्या कारखान्यात पडवीवर एक मध्यमवयीन स्थपति मेणाचा हात घडवीत बसले होते. मधमाश्यांचे मेण, झाडाची राळ आणि थोडे शेंगदाण्याचे तेल एकत्र करून ते कालवलेले असते. शेजारी नारळाच्या झावळीची एक लांब पट्टी पडली होती. मूर्तीच्या उंचीएवढी पट्टी कापायची, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे तिला घड्या घालायच्या, आणि त्या घड्यांवरून कपाळ, नाक, छाती, गुडघा यांची मापे घ्यायची. उत्तम दशताल प्रमाणाच्या मूर्तीचे असे १२४ भाग पडतात. मेणाची मूर्ती पुरी झाली की तिच्यावर नदीच्या बारीक गाळाचा पहिला लेप देतात. मेणावरची रेघन्‌रेघ हा लेप टिपून घेतो. त्यावर जाड मातीचे लेप चढतात, मोठ्या मूर्तीला लोखंडी तारांनी आवळतात, वाळवतात. मग साचा तापवून आतले मेण वितळवून काढतात, आणि त्या पोकळीत तापलेला रस ओततात. तांबे मुख्य, जस्त, शिसे वगैरे हीण, सोने आणि चांदी नावापुरती. धातू मेणापेक्षा आठ-नऊ पटींनी जड असतो, म्हणून मेण आधी तोलून ठेवावे लागते. धातू कमी पडला तर सारेच गेले.

साचा थंड झाल्यावर तो फोडतात. म्हणजे मेणाची मूर्ती आधीच गेलेली, आणि आता साचाही गेला. दुसरी मूर्ती हवी तर पुन्हा मेणापासून आरंभ. त्यानंतर छिन्नीकाम सुरू होते आणि ते आठवडेच्या आठवडे चालते. डोळे सर्वांत शेवटी उघडायचे.

मी माझ्या सवयीने हिशेबाकडे वळलो. शिक्षक दुभाषी झाले. मूर्तीची किंमत तुम्ही कशी ठरवता? स्थपतींनी सांगितले, काम धरताना निदान धातूच्या किमतीएवढा विसार घेतो. तो मिळाल्याखेरीज मेणाला हात लावीत नाही. आणि किंमत? त्यांनी धातू, मजुरी, दिवस असे सगळे बोटांवर मोजले, आणि शेवटचे बोट धरून म्हणाले, "हे न उतरलेल्या मूर्तीचे." कधी साच्याला तडा जातो, कधी रस मध्येच थिजतो. महिन्याभराची मेहनत एका घटकेत मातीमोल होते, आणि तिचा दोष गिऱ्हाईकाच्या माथी मारता येत नाही. म्हणून ज्या मूर्ती नीट उतरतात, त्यांच्या किमतीत बिघडलेल्या मूर्तीचा थोडा थोडा अंश आधीच धरलेला असतो.

हे ऐकून मी जरा चपापलो. माझ्या पगाराचे खरे स्वरूप मला तोवर कोणी इतक्या थोडक्यात समजावून दिले नव्हते. ज्या दिवशी माझ्या हातून काहीच काम होत नाही, ज्या दिवशी मी तापाने अंथरुणावर असतो, ज्या दिवशी मी लिहिलेली टिपणी चुकीची म्हणून परत येते, त्या दिवसांचेही पैसे पगारात असतात. रिकाम्या आणि बिघडलेल्या दिवसांचा भार सरकार उचलते. स्वतंत्र कलावंताचा भार कोण उचलणार? त्याने तो स्वतःच्या किमतीत धरला नाही, तर तो त्याच्या बायकामुलांवर पडतो. आपल्याकडचे तरुण चित्रकार आपला मोबदला सांगताना कागद-रंगांचा खर्च आणि बसलेले तास एवढेच मोजतात. काम शोधण्यात गेलेला आठवडा, नापसंत ठरलेले तीन आराखडे, कामावाचून गेलेला महिना हे त्यांच्या आकड्यात कोठेच नसते. मग वर्षाअखेरी लोक म्हणतात, कलेत पैसा नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या पडवीवर मोठ्या मूर्तीच्या भोवती लहान लहान गणपती आणि समया मांडलेल्या होत्या. त्या दुकानातून सहज खपतात आणि रोजचा भात त्यांच्यावर शिजतो. देवळाची मोठी मूर्ती वर्षातून एखादी येते. लहान कामाविषयी त्या स्थपतींच्या बोलण्यात तुच्छता मुळीच नव्हती. शिवाय ते एकटे नव्हतेच. मेण एकाकडे, माती दुसऱ्याकडे, भट्टी तिसऱ्याकडे, छिन्नी पुतण्याच्या हाती. ज्यांना स्वतःची भट्टी परवडत नाही, त्यांच्यासाठी तमिळनाडूच्या हस्तकला महामंडळाचे उत्पादन-केंद्र गावात आहे. दिल्लीच्या भारत मंडपमसमोर २०२३ साली जो सुमारे २७ फुटांचा नटराज उभा राहिला, तो याच स्वामीमलैच्या स्थपतींनी ओतला. काम एवढे मोठे, तरी ओतण्याची रीत तीच, मेणाची.

परत येताना शिक्षकांनी त्यांच्या गावच्या आणखी एका माणसाचे नाव काढले. सर टी. माधवराव हे १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले मराठी गृहस्थ. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण. राजा रविवर्मा या चित्रकाराला १८८१ साली बडोद्याला बोलावणे गेले ते यांच्याच कारकिर्दीत. पुढे १८८४ मध्ये माधवरावांनी रविवर्म्याला सुचवले की, तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे आणि तुमचे हात दोनच. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढवाव्यात. हा सल्ला दिला एका राजसेवकाने, ही गोष्ट मला, अर्थातच, सुखावून गेली! रविवर्म्याने दहा वर्षांनी, १८९४ साली, मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. त्याची लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेली; पण छापखान्याचा व्यापार त्याला झेपला नाही. प्लेग आला, कर्ज वाढले, आणि अखेर तो छापखाना चित्रांच्या पुनर्मुद्रणाच्या हक्कांसह जर्मन तंत्रज्ञ श्लायखर यांच्या हाती गेला. चित्रकार म्हणून मात्र तो १९०६ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, मागणीत राहिला. हक्क विकणे आणि चित्र विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या व्यवहारावरून दिसते.

येथे कायद्याचा एक बारकावा सांगतो, कारण तो फार थोड्या चित्रकारांना ठाऊक असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढले, तर उलट करार नसल्यास त्या चित्राचा पहिला हक्कदार काम सांगणारा ठरतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवेत. त्या लेखात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीचे एक पानभर पत्र चित्राइतकेच जपून ठेवावे.

आणि मी ज्या बाजूच्या टेबलाशी बसतो, तिच्याविषयीही बोलले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका कचेरीने प्रदर्शनासाठी एका चित्रकाराकडून मोठे फलक रंगवून घेतले होते. काम चोख झाले. त्याचे बिल मात्र आठ महिने फिरत राहिले. एकदा पावतीवर तारीख नाही म्हणून, एकदा आदेशाची प्रत जोडली नाही म्हणून. त्यांतला एक शेरा माझ्या हातचा होता. तो गृहस्थ दर पंधरा दिवसांनी येई, बाकावर बसे, छत्री पायाशी ठेवी. पैसे मिळाले, पण पुढच्या वर्षी आम्ही बोलावले तेव्हा तो आला नाही. नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करावेत, उशीर झाल्यास व्याज द्यावे, असे २००६ च्या कायद्यात आहे. त्याला ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

मुंबईला गेलो तेव्हा भाच्यापुढे मी हे सारे मांडले. नोकरी सोडू नकोस असे म्हणालो नाही, सोड असेही म्हणालो नाही. सहा महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे बाजूला पडेपर्यंत थांब, सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामे घेऊन पाहा, आणि एका वहीत रिकामे दिवसही लिही, एवढेच सुचवले. परवा त्याने ती वही दाखवली. विसाराचा शब्द काढताच एक गिऱ्हाईक निघून गेले होते; दुसऱ्याने, एका प्रकाशकाने, निम्मी रक्कम आधी दिली होती. बिघडलेल्या आराखड्यांसाठी त्याने वहीत वेगळा रकाना आखला आहे, आणि तो बराच भरलेला आहे. राजीनामा त्याने अजून दिलेला नाही. पाडव्याला द्यायचा म्हणतो. बहिणीला मी अद्याप काही कळवलेले नाही.