घरचा हिशेब संगणकावर

हिशेबाचा प्रोग्रॅम निवडताना लोक रंगीत आलेख बघतात. आधी बघायचं ते हे, की भरलेली माहिती पुन्हा बाहेर काढता येते का. मायक्रोसॉफ्ट मनी एकेकाळी घरोघरी वापरला जाई. 2009 मध्ये कंपनीने त्याची विक्रीच थांबवली. सीएसव्ही फाइल (कुठल्याही तक्त्यात उघडणारी साधी मजकुराची फाइल) काढून देणारा प्रोग्रॅम असला की अशा वेळी बाडबिस्तरा हलवता येतो.

फुकट आणि भरवशाचा हवा असेल तर ग्नूकॅश घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, नोंदी आपल्याच संगणकावर राहतात. (बॅकअपची जबाबदारीही मग आपलीच.) पद्धत दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार किमान दोन खात्यांत मांडायचा. सुरुवातीला डोक्याला ताप होतो खरा, पण क्रेडिट कार्डवाल्यांना तिचा फायदा लगेच कळतो. समजा, कार्डावर 3,200 रुपयांचा किराणा भरला. वहीत तो खर्च मांडला जातो आणि पुढच्या महिन्यात कार्डाचं बिल भरलं की तेच 3,200 पुन्हा खर्चात! ग्नूकॅशमध्ये कार्ड हे देण्याचं खातं. खर्च किराणा घेतला तेव्हाच पडतो. बिल भरलं म्हणजे फक्त देणं फिटलं.

बँकेचा खातेउतारा सीएसव्हीमध्ये मिळाला तर तो थेट आत घेता येतो. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा निवडा, नाहीतर 5 एप्रिलचा 4 मे होऊन बसतो. आर्थिक वर्षही 1 एप्रिलपासून लावून घ्या.

महिन्याला पंधरा-वीसच नोंदी असतील, तर एवढा खटाटोप कशाला? लिब्रेऑफिस कॅल्कचा एक तक्ता पुरे.