सर्दी, सायनस आणि मेडिकलमधली पुडी

मित्रांनो, आपल्या होस्टेलचा राष्ट्रीय आजार कोणता? अर्थातच सर्दी! पहिला पाऊस पडला की एका रूममध्ये सुरू होते आणि आठवड्यात पूर्ण विंग शिंकायला लागते. मग आवाज येतो, "का बे, सायनसची गोळी हाय का?" कोणीतरी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पुडी आणतो. त्या पुडीत नेमकं काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

आधी मशीन समजून घेऊ. गाल, कपाळ आणि नाकामागच्या हाडांत हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. म्हणजे "मला सायनस आहे" हे वाक्य सगळ्यांच्याच बाबतीत खरं आहे! सूज आली की तो सायनुसायटिस. गंमत म्हणजे गालाच्या सायनसचं आउटलेट तळाशी नसून वरच्या बाजूला असतं. असं टाकीचं ड्रॉइंग आपण काढलं असतं तर व्हायव्हात मार्क कापले असते. आतले सूक्ष्म केस शेंबूड वर ढकलतात म्हणून काम चालतं. सर्दीत अस्तर सुजतं, ते तोंड बंद होतं, आत साचतं आणि खाली वाकलं की गाल-कपाळ ठणकतं.

कानही याच पाइपलाइनवर आहे. चिखलदऱ्याचा घाट चढताना कानाला दडे बसतात ना? वर हवेचा दाब कमी होतो. आवंढा गिळला की नाकामागून कानात जाणारी युस्टेशियन नळी उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. सर्दीत हीच नळी सुजते, म्हणून कान जड होतो, दुखतो. अशा वेळी कानात बड घालून काय उपयोग? बडने मळ उलट आत ढकलला जातो. कान वाहत असेल तर तेलसुद्धा टाकू नका.

आता उपचार. बहुतेक सर्दी व्हायरसची असते, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. साधारण सात ते दहा दिवसांत ती आपोआप उतरते. तोपर्यंत आराम, भरपूर पाणी, ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं पुरेसं आहे. नाक मोकळं करणारे ड्रॉप्स चार-पाच दिवसांवर वापरू नका, नाहीतर नाक आणखी चोंदतं. आणि मे महिन्यात घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका. थोडं पुढे वाकून बसा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा.

मग पुडीचा धोका काय? तिच्यात कधी कधी स्टेरॉइड असतं. त्यामुळे सूज उतरते, बरं वाटतं, पण शुगर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. २०२१ आठवा. फेब्रुवारीत कोरोना वाढला म्हणून अमरावतीत लॉकडाऊन लागला आणि मे महिन्यापर्यंत देशभर म्युकरमायकोसिसचं, म्हणजे काळ्या बुरशीचं नाव घरोघरी पोचलं. अनियंत्रित शुगर आणि कोरोनात घेतलेलं स्टेरॉइड ही त्याची मोठी कारणं होती. बुरशी नाक-सायनसमधून डोळ्याकडे, मेंदूकडे जाते. जीव वाचवण्यासाठी कित्येकांचा डोळा किंवा जबडा काढावा लागला. सुरुवात मात्र साध्या सायनससारखीच होती: नाक बंद, गाल दुखतो.

विशीतल्या धडधाकट मुलाला हा आजार सहसा होत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण घरी शुगर असलेले आई-बाबा, आजी-आजोबा असतात आणि सुटीत आपण तीच पुडी त्यांच्यासाठीही नेतो. स्टेरॉइड वाईट नाही; डॉक्टरांनी ठरवून दिलं तर ते उपयोगाचंच आहे. ते द्यायचं की नाही हे रूममेटने ठरवू नये, एवढंच.

डॉक्टरांकडे कधी जायचं?
• दहा दिवसांत फरक नसेल, किंवा बरं वाटून पुन्हा वाढलं तर
• जोराचा ताप, कान वाहणं किंवा अचानक कमी ऐकू येणं
• डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, गाल बधिर होणं, नाकातून काळसर पाणी: यात त्याच दिवशी!

अमरावतीत इर्विन आणि अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सबमिशन एक दिवस उशिरा चालेल, हे नाही. काळजी घ्या!