योग्यायोग्यतेचा निवाडा : फोर्ट विल्यमचे ‘हितोपदेश’, ‘सिंहासन बत्तिशी’ आणि मुलांचे व्हिडिओ गेम

मुलाच्या हाती कोणता व्हिडिओ गेम द्यावा, हा प्रश्न आजच्या पालकांना सर्वस्वी नवा वाटतो. साधन नवे आहे; प्रश्न मात्र मराठी मुद्रित गद्याच्या आरंभकाळापासून आपल्यासोबत आहे.

इ.स. १८०० मध्ये वेलस्लीने कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. कंपनीच्या सेवेत आलेले, बहुधा विशीच्या आतले तरुण तेथे शिकत. त्यांना देशी भाषा शिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच आळस व दुर्व्यसने यांपासून त्यांना दूर राखणेही. त्यांच्या आचरणावरील देखरेख प्रोव्होस्टकडे सोपविलेली होती. आईबाप सातासमुद्रापार असल्याने पालकत्व संस्थेकडे आले. याच संस्थेच्या परिघात, विल्यम केरी यांच्या मार्गदर्शनाखाली, पंडित वैजनाथ यांनी ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४) व ‘हितोपदेश’ (१८१५) मराठीत आणले. दोन्ही ग्रंथ श्रीरामपूर येथे मोडी लिपीत छापले गेले.

‘हितोपदेशा’ची चौकटकथाच पालकाच्या चिंतेची आहे. पाटलिपुत्राचा राजा सुदर्शन आपल्या अशिक्षित पुत्रांमुळे अस्वस्थ होतो आणि विष्णुशर्मा सहा महिन्यांत त्यांना नीतिज्ञ करण्याची हमी देतो. परंतु या शिक्षणाची सामग्री पाहू जाता तीत कपट, हत्या, व्यभिचार, एवढेच नव्हे तर नाक कापल्याची कथाही आढळते. केवळ आशयाची यादी करून निवाडा केला, तर हा ग्रंथ प्रौढांसाठीच राखून ठेवावा लागेल.

आजची वयनिहाय वर्गवारी मुख्यतः अशाच यादीवर उभी आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये व्हिडिओ गेमसाठी मानांकन मंडळ स्थापन झाले. युरोपात २००३ पासून ३, ७, १२, १६ व १८ या वयोमर्यादांची ‘पेगी’ पद्धत सुरू झाली. हिंसा, भीती, अपशब्द, जुगार यांची चिन्हे वेष्टनावर छापली जातात. भारतात चित्रपटांना १९५२ च्या कायद्यान्वये प्रमाणपत्र लागते. व्हिडिओ गेम त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. येथे निवाड्याचा मोठा भार घरावरच पडतो.

हिंसक गेम अल्पवयीनांना विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्दबातल ठरविला, तो निकाल तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे. न्यायमूर्ती स्कालिया यांनी बहुमताच्या निकालपत्रात ग्रिम बंधूंच्या परीकथा व होमरचे ‘ओडिसी’ यांतील क्रौर्याचा दाखला दिला. न्यायमूर्ती अलिटो यांनी निकालाशी सहमत होऊनही वेगळी शंका नोंदविली : वाचक क्रौर्य वाचतो, खेळणारा ते स्वतः घडवितो, हे दोन अनुभव एकच कसे मानावेत?

या शंकेचा विचार करताना ‘सिंहासन बत्तिशी’ उपयोगी पडते. राजा भोज विक्रमाच्या सिंहासनावर चढू लागला की प्रत्येक पुतळी त्याला थांबविते, विक्रमाच्या औदार्याची कथा सांगते आणि असे औदार्य तुझ्या ठायी असेल तरच बस, असे बजाविते. बत्तीस पुतळ्या म्हणजे जणू बत्तीस टप्पेच होत. मात्र येथे पुढे जाण्याची अट चापल्य ही नाही. ऐकणे आणि स्वतःला तपासणे ही आहे. व्हिडिओ गेमही टप्प्यांनी पुढे सरकतो. म्हणून त्यात काय दाखविले आहे, एवढेच पाहून पालकाने थांबू नये. पुढच्या टप्प्यासाठी तो मुलाकडून काय मागतो, हेही पाहावे. तो कौशल्य मागतो, धीर मागतो, विचार मागतो, की वारंवार पैसे व झोपेचे तास मागतो? युद्धाचे चित्रण असलेला एखादा गेम या कसोटीस उतरेल आणि रंगीबेरंगी, निरुपद्रवी दिसणारा एखादा उतरणार नाही.

दुसरी कसोटी ‘हितोपदेशा’तून मिळते. तेथे राजपुत्र एकटे नाहीत. ते विचारतात आणि विष्णुशर्मा उत्तर देतो. कठोर आशय सोसण्याजोगा होतो तो या संवादामुळे. वेष्टनावरील वयाचा आकडा पालकास सावध करतो, पण मुलाशेजारी बसून तो कोणत्याही प्रश्नाला उत्तर देत नाही. फोर्ट विल्यमच्या प्रोव्होस्टला देखरेख नेमून देता आली. विष्णुशर्म्याचे काम मात्र शेजारी बसणाऱ्यालाच करावे लागते.