ल्यूपस आणि ‘बी’ पेशी : प्रतिपिंडांच्या पलीकडे

लेखमाला : शरीराची संरक्षणव्यवस्था
लेखांक सातवा

मागील लेखांकात ‘टी’ पेशींचे कार्य मांडले होते आणि ज्यांच्या शोधासाठी 2025 चा वैद्यकाचा नोबेल पुरस्कार देण्यात आला, त्या नियामक ‘टी’ पेशी शरीराला स्वतःवरच्या हल्ल्यापासून कशा आवरतात, हेही स्पष्ट केले होते. प्रस्तुत लेखांकाचा विषय त्यांच्या जोडीदार असलेल्या ‘बी’ पेशी हा आहे आणि या पेशींची वाट चुकल्यास काय घडते, हे ज्या आजारात सर्वांत ठळकपणे दिसते त्या ल्यूपसच्या आधारे तो उलगडायचा आहे. ल्यूपस, म्हणजे पूर्ण नावाने सिस्टेमिक ल्यूपस एरिथेमॅटोसस, हा त्वचा, सांधे, रक्त, मूत्रपिंडे आणि मेंदू यांपैकी कोणत्याही अवयवाला ग्रासू शकणारा आजार असून तो प्रामुख्याने ऐन उमेदीतल्या स्त्रियांना होतो. दर दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रिया असतात.

‘बी’ पेशींचा शोध कोंबड्यांमुळे लागला. पक्ष्यांच्या गुदमार्गाजवळ ‘बर्सा’ नावाची एक लहान पिशवी असते आणि तिचा उपयोग काय, हे कित्येक शतके कोणालाच माहीत नव्हते. 1956 मध्ये अमेरिकेतील ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, ही पिशवी कोवळ्या वयात काढून टाकलेल्या कोंबड्यांच्या शरीरात प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना नेमके ओळखून चिकटणारी प्रथिने, तयार होत नाहीत. पुढे 1965 मध्ये मॅक्स कूपर यांनी बर्सात घडणाऱ्या ‘बी’ पेशी आणि थायमस ग्रंथीत घडणाऱ्या ‘टी’ पेशी हे दोन स्वतंत्र वंश असल्याचे सिद्ध केले. नाशिक जिल्ह्यातील कुक्कुटपालकांना हा अवयव एका रोगामुळे अप्रत्यक्षपणे परिचित आहे, कारण ज्या गंबोरो रोगाविरुद्ध ते पिल्लांना लस देतात, त्याचा विषाणू नेमका बर्सातील ‘बी’ पेशींवरच तुटून पडतो आणि त्यातून वाचलेली पिल्लेही पुढे इतर रोगांना सहज बळी पडतात. मनुष्याला बर्सा नसते. त्याच्या ‘बी’ पेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत जन्म घेतात.

अस्थिमज्जेत जन्मणाऱ्या प्रत्येक ‘बी’ पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही, म्हणजे बाहेरचा पदार्थ ओळखणारे प्रथिन, जनुकांच्या तुकड्यांची यादृच्छिक जुळणी होऊन घडत असते. या पद्धतीमुळे पूर्वी कधीही न आलेला जंतूही कोणत्या ना कोणत्या पेशीला ओळखता येतो. मात्र त्याच पद्धतीमुळे स्वतःच्या शरीराला शत्रू समजणाऱ्या पेशीही मोठ्या संख्येने निर्माण होतात. हेड्डा वार्डेमान आणि मिशेल नुसेन्झ्वाइग यांच्या गटाने 2003 मध्ये निरोगी माणसांच्या पेशी तपासल्या, तेव्हा नवजात ‘बी’ पेशींपैकी 55 ते 75 टक्के पेशी स्वशरीराशी जुळणाऱ्या आढळल्या. याचा अर्थ असा की, स्वतःविरुद्ध जाऊ शकणारी पेशी निर्माण होणे ही विकृती नसून तिला वेळीच न रोखणे ही विकृती आहे. निरोगी शरीरात अशा पेशींचा ग्राही बदलला जातो, त्या नष्ट केल्या जातात किंवा निष्क्रिय तरी ठेवल्या जातात. ल्यूपसच्या रुग्णांमध्ये हे तपासनाके सैल पडलेले असतात आणि ‘बी’ पेशींना जगवणारा ‘बाफ’ नावाचा संदेशक त्यांच्या रक्तात बहुधा वाढलेला असल्यामुळे, एरवी मरून गेल्या असत्या अशा पेशीही तग धरतात.

तग धरलेल्या या पेशींना चेतवणी कशी मिळते, हे घोटी परिसरातील शेतीच्या कामावरून नीट समजते. घोटी ज्यात येते तो इगतपुरी तालुका हा भाताचा मुलूख असून आवणी भर पावसात होत असली, तरी सोंगणी पाऊस उघडल्यानंतरच्या स्वच्छ उन्हात होते आणि त्या दिवसांत शेतावर राबणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर व हातांवर दिवसभर अतिनील किरण पडत असतात. या किरणांमुळे त्वचेतील काही पेशी मरतात आणि त्यांच्या केंद्रकातील डीएनए, आरएनए व त्यांना जोडलेली प्रथिने उघडी पडतात. निरोगी शरीरात भक्षक पेशी हा ढिगारा तत्काळ साफ करतात; ल्यूपसमध्ये ही साफसफाई रेंगाळते आणि डीएनएला ओळखणारी ‘बी’ पेशी तो तुकडा ग्राहीद्वारे पकडून आत ओढून घेते. पेशीच्या आतल्या पिशवीत ‘टीएलआर-7’ आणि ‘टीएलआर-9’ हे संवेदक असतात, त्यांचे खरे काम विषाणू-जिवाणूंची जनुकद्रव्ये ओळखण्याचे आहे. परंतु येथे स्वतःचेच आरएनए व डीएनए समोर आल्यामुळे ते धोक्याचा इशारा देतात आणि पेशी पूर्णपणे चेतवली जाते. ‘टीएलआर-7’चे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि स्त्रियांच्या काही पेशींमध्ये त्याच्या दोन्ही प्रती कार्यरत राहतात, हे स्त्रियांमधील अधिक प्रमाणाचे एक कारण मानले जाते. मूळचे हिवतापाचे असलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध याच पिशवीतील इशारा मंदावते आणि म्हणूनच ते आजही ल्यूपसच्या उपचारांचा पाया आहे.

उन्हानंतर दोन्ही गालांवर आणि नाकाच्या उंचवट्यावर उमटणारा लालसर चट्टा हे या घडामोडीचे बाहेर दिसणारे चिन्ह होय. नाकाच्या कडेने ओठांकडे उतरणाऱ्या घड्या त्यात बहुधा मोकळ्या राहतात. तरीही वांग किंवा रापलेली त्वचा समजून त्याकडे दुर्लक्ष होऊ शकते.

चेतवलेली ‘बी’ पेशी लसिका ग्रंथीत किंवा प्लीहेत ‘टी’ पेशींचे साहाय्य मिळवते आणि तेथे तिच्या वंशजांमध्ये जनुकीय बदल घडून निवड सुरू होते. बियाण्यासाठी शेतकरी जसा दरवर्षी भरदार लोंब्या वेगळ्या काढत जातो, तशी येथे अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे घडवणारी पेशी पिढीगणिक निवडली जाते. फरक एवढाच की, ल्यूपसमध्ये स्वतःच्याच डीएनएला घट्ट चिकटण्याचा गुण निवडला जातो. निवडलेल्या पेशींपैकी काही प्लाझ्मा पेशी बनून प्रतिपिंडांचा अखंड पुरवठा करतात. ही प्रतिपिंडे केंद्रकातील द्रव्यांशी जुळून तयार होणारी संयुगे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांमध्ये अडकतात, तेथे दाह होतो, रक्तातील ‘सी-3’ आणि ‘सी-4’ ही पूरक प्रथिने खर्ची पडून घटतात आणि गाळणी सैल झाल्याने लघवीतून प्रथिन जाऊ लागते.

येथवरच्या वर्णनावरून ‘बी’ पेशी म्हणजे केवळ प्रतिपिंडांचा कारखाना, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो अपुरा आहे. मार्क श्लॉमचिक यांच्या गटाने ल्यूपससदृश आजार होणाऱ्या उंदरांच्या वाणातून ‘बी’ पेशीच काढून टाकल्या, तेव्हा मूत्रपिंडाचा दाह झाला नाही. पुढे 1999 मध्ये त्यांनी अशा उंदरांवर प्रयोग केला, ज्यांच्या ‘बी’ पेशी जिवंत होत्या पण प्रतिपिंडे स्रवू शकत नव्हत्या, आणि त्या उंदरांना मूत्रपिंडाचा दाह झालाच. प्रतिजनाचा, म्हणजे ग्राहीने ओळखलेल्या पदार्थाचा, तुकडा ‘टी’ पेशींपुढे मांडणे आणि दाह वाढवणारे संदेशक सोडणे, ही ‘बी’ पेशींची कामेही तितकीच घातक ठरू शकतात, हे या दोन प्रयोगांतून एकत्रितपणे दिसून आले.

उपचारांचा इतिहासही याच निष्कर्षाकडे नेतो. ‘सीडी-20’ या खुणेवरून ‘बी’ पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅब ल्यूपसच्या मोठ्या चाचण्यांमध्ये अपेक्षित यश मिळवू शकले नाही; याचे एक कारण असे मानले जाते की, रक्तातील पेशी नाहीशा झाल्या तरी लसिका ग्रंथींच्या आत दडलेल्या पेशी उरतात आणि प्लाझ्मा पेशींवर ही खूण नसतेच. तरीही अवघड रुग्णांमध्ये वैद्य ते वापरतात. ‘बाफ’ला अडवणाऱ्या बेलिमुमॅबला 2011 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर ल्यूपससाठी नवे औषध आले. निर्णायक पुरावा मात्र जर्मनीतील एर्लांगेन येथून मिळाला. गेओर्ग शेट यांच्या गटाने रुग्णाच्याच ‘टी’ पेशी काढून, ‘सीडी-19’ ही खूण असलेली पेशी ठार करण्याची क्षमता त्यांना जनुकीय बदलाने दिली आणि त्या परत शरीरात सोडल्या. ‘कार-टी’ नावाच्या या उपचाराने एका तरुण रुग्णाचा आजार शमल्याचे त्यांनी 2021 मध्ये, तर पाच रुग्णांचा आजार शमल्याचे 2022 मध्ये जाहीर केले. सुमारे 110 दिवसांनी ‘बी’ पेशी पुन्हा दिसू लागल्या, परंतु त्या कोऱ्या होत्या, आजाराची स्मृती त्यांच्यात नव्हती आणि औषधे बंद असूनही आजार परतला नव्हता.

हे तंत्र महाराष्ट्राला परके नाही. पवईची आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संयुक्त संशोधनातून घडलेल्या ‘नेक्सकार-19’ या देशातील पहिल्या ‘कार-टी’ उपचाराला 2023 मध्ये मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्याचे लक्ष्यही ‘सीडी-19’ हेच आहे. ही मान्यता ‘बी’ पेशींच्या ठरावीक रक्तकर्करोगांसाठी आहे, ल्यूपससाठी नाही, आणि उपचारादरम्यान तीव्र दाहाचा धोका असल्याने तो सरसकट करता येण्याजोगाही नाही. तथापि, परदेशातील खर्चाच्या अंशमात्र खर्चात हे तंत्र कसारा घाटाखालच्या मुंबईत सिद्ध झाले आहे, ही बाब ल्यूपसच्या भारतीय रुग्णांसाठी मोलाची आहे.

हा उपचार ल्यूपससाठी उपलब्ध होईपर्यंत सर्वांत मोठा लाभ वेळेवर झालेल्या निदानातच आहे. अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांच्या 2003 मधील अभ्यासात, पुढे ल्यूपस झालेल्या 130 जणांपैकी 88 टक्के जणांच्या रक्तात निदानापूर्वीच, काहींच्या तर नऊ वर्षे आधी, स्वप्रतिपिंडे आढळली होती. केवळ केंद्रकातील द्रव्यांविरुद्धची स्वप्रतिपिंडे शोधणारी एएनए चाचणी सकारात्मक आली म्हणून ल्यूपस ठरत नाही, कारण ती निरोगी माणसांमध्येही सकारात्मक येऊ शकते. परंतु उन्हाने वाढणारा चट्टा, महिनोन्महिने टिकणारी सांधेदुखी, तोंडातले वारंवार येणारे व्रण, गळणारे केस आणि फेसाळ लघवी यांपैकी अनेक लक्षणे एकत्र दिसणाऱ्या तरुण स्त्रीची लघवी तपासणे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवरही शक्य आहे आणि मूत्रपिंड वाचवणारी ती सर्वांत स्वस्त तपासणी आहे. निदान झालेल्या स्त्रीने सोंगणीला जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, पदर किंवा टोपीने चेहरा झाकणे, भर दुपारचे ऊन टाळणे आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वैद्यांच्या सल्ल्याशिवाय न थांबवणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी ‘बी’ पेशींपर्यंत पोहोचणारी चेतवणी मुळाशीच कमी करतात. घरच्यांनी हे पथ्य नखरा न मानता उपचाराचाच भाग मानले पाहिजे.

पुढील लेखांकात पूरक प्रथिनांचे कार्य आणि त्यांच्या जन्मजात उणिवेतून उद्भवणारा ल्यूपस यांचा विचार केला जाईल.